गव्हाणीला मिळालेले बाळ

मित्रांनो, माझ्या अंगावर आता पिवळा रंग आहे आणि त्यावर कुणीतरी बदके काढली आहेत. पण रंगाला फसू नका. मी एक जुना सागवानी पाळणा आहे. रायपूर अजून राजधानी व्हायचे होते, त्या काळात गुढियारीतल्या एका मिस्त्रीने मला घडवले.

मला करवून घेतले विनायकरावांनी. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांचे वडील नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले आणि इथलेच झाले. घराणे ख्रिस्ती. लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर त्यांच्या पत्नीला, मंदाकिनीबाईंना, दिवस गेले. त्या आनंदात विनायकराव मिस्त्रीला म्हणाले, "लाकडात कसर नको करू भाऊ. माझ्या लेकराले राजासारखं झोपवायचं हाय."

मिस्त्रीने माझे खांब कातून गुळगुळीत केले. कठड्यावर समोरासमोर दोन मोर कोरले. पितळेच्या कड्या बसवल्या. मग पराग जन्मला आणि माझ्यात झोपला. मंदाकिनीबाई शेंगा सोलत बसायच्या आणि माझी दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून मला झोका द्यायच्या. शेजारच्या बायका बाळ बघायला यायच्या आणि आधी मलाच हात लावून पाहायच्या. खरे सांगतो, मला ते फार आवडायचे.

पराग मोठा झाला, तरी माझा मान गेला नाही. आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, ख्रिस्ती मंडळीचे छोटे प्रार्थनामंदिर होते. दर नाताळात मुले येशूच्या जन्माचे नाटक करत आणि त्यासाठी मला नेत. माझ्यात लाल मखमल अंथरून कापडी बाहुला ठेवत. पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, माझ्यासमोर गुडघे टेकत. मी काही शिकलेला नाही. मला वाटायचे, जगाचा तारणारा जन्मला तेव्हा माझ्यासारख्याच पाळण्यात झोपला असणार. दुसरीकडे कुठे झोपेल?

पुढे नवे राज्य झाले, रायपूर राजधानी झाली. विनायकराव तोवर देवाघरी गेले होते. परागचे लग्न झाले, साक्षी सून म्हणून घरात आली. तिला सरकारी कचेरीत नोकरी होती. कचेरी नवा रायपूरला गेली, तशी ती सकाळीच डबा घेऊन निघू लागली. वर्षे जात राहिली. घरात मूल आले नाही.

मंदाकिनीबाईंनी मला ओसरीत ठेवले आणि वर चादर टाकली. कुणी मागायला आले तर म्हणत, "तो माझ्या नातवाचा हाय. कोणाले देत नाई." दर शनिवारी चादर काढून मला तेल लावत. साक्षी माझ्याजवळ बसून चपलेचे पट्टे बांधायची, पण माझ्याकडे कधी पाहायची नाही.

वर्षातून एकदा, नाताळात, मी रिकामा नसे. तेवढ्यावर मी जगत होतो. आणि तेही गेले.

एका डिसेंबरात नाटकाच्या तयारीसाठी संडे स्कूलची मुले इंदूताईंकडे आली. इंदूताई म्हणजे निवृत्त नर्स, आवाज मोठा, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी मुलांना प्रार्थनामंदिराच्या खिडकीशी बसवले आणि विचारले, "पोट्टे हो, शास्त्रात पाळणा कुठं हाय, दाखवा मले."

मी समोरच्या ओसरीतून ऐकत होतो. मुले बायबलची पाने उलटत राहिली. कुणालाच पाळणा सापडला नाही.

मग त्यांनी सांगितले. बादशहाचा हुकूम निघाला की ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावे. योसेफ आपल्या गरोदर मरीयेला घेऊन दूर बेथलेहेमला गेला. तिथे उतारशाळेत जागा नव्हती. तिथेच तिचे दिवस भरले. तिने बाळाला कापडात गुंडाळले आणि गव्हाणीत निजवले. जनावरे चारा खातात त्या गव्हाणीत.

"आता ऐका," इंदूताई म्हणाल्या. "देवदूत पहिल्यांदा कोणाकडं गेला? रानात राहणाऱ्या मेंढपाळांकडं. न् खूण कोणती सांगितली? बाळ गव्हाणीत ठेवलेलं दिसेल. राजवाड्यात, मोरांच्या पाळण्यात दिसेल म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

एक मुलगी पटकन म्हणाली, "गार्ड उनको अंदर ही नहीं जाने देता, दीदी."

सगळी मुले हसली. इंदूताई हसल्या नाहीत. "हव," त्या म्हणाल्या. "म्हणून गव्हाण."

दुसऱ्याच दिवशी मारोती दूधवाला हातगाडीवर गव्हाण घेऊन आला. मारोती यवतमाळकडचा. राजधानी झाल्यावर वस्तीतले गोठे बाहेर हलवायला सांगितले होते, त्यामुळे त्याच्याकडे ती पडून होती. मी तिला पाहिले. एक जाडजूड ओंडका, मधून पोखरलेला. कडा म्हशींनी चाटून झिजवलेल्या. कोंड्याचा आंबूस वास गल्लीभर. ना खांब, ना कडी. झोक्याचा तर प्रश्नच नाही. आणि मुले तिच्याभोवती नाचत होती!

माझे लाकूड आतून तडकेल असे मला वाटले. मित्रांनो, हेवा कसा असतो सांगू? आपल्याला काही कमी पडलेले नसते. फक्त ते दुसऱ्याला मिळालेले असते.

मंदाकिनीबाईंनाही ते लागले. त्या फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "काहून वो इंदू, आमच्या पाळण्यात काय खराबी आली?"

"पाळणा चांगलाच हाय बाई. पण गोष्ट गव्हाणीची हाय."

मंदाकिनीबाई फाटकातून वळल्या. आत येऊन त्यांनी माझ्यावरची चादर खालपर्यंत ओढली.

त्या डिसेंबरात आमच्या गल्लीत गटाराचे काम निघाले होते. गावाकडून आलेले मजूर खणत होते. त्यांच्यात बुधराम होता आणि त्याची बायको सुकवारो. सुकवारोचे दिवस भरत आले होते, तरी ती डोक्यावर घमेले घेऊन फिरत होती. मंदाकिनीबाई रोज ओसरीतून तिच्याकडे पाहायच्या. तिच्या पोटाकडे पाहायच्या. एकदा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "यायले देव न मागता देते. न् आम्ही मागून मागून थकलो." त्यांचा आणि माझा आजार एकच होता, एवढे मला कळले.

नाताळच्या आदल्या दुपारी समोर नाटकाची शेवटची तालीम चालली होती. साक्षी सुट्टीवर होती, मुलांचे कपडे शिवून द्यायला तीही तिथेच होती. तेवढ्यात गल्लीत आरडाओरड झाली. सुकवारो मातीच्या ढिगाऱ्याशी पोट धरून बसली होती. बुधराम घाबरून इकडे तिकडे पळत होता. कुणी अँब्युलन्सला फोन लावला, पण रेल्वे फाटकाजवळ गाड्या अडकल्या होत्या, ती येईना. इंदूताई बाहेर आल्या, तिच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "हिले आत घ्या. मुलं बाहेर. साक्षी, पाणी गरम कर."

प्रार्थनामंदिराचे दार बंद झाले. मुकुट घातलेली मुले गल्लीत उभी राहिली. कुणी खेळेना. मंदाकिनीबाई ओसरीच्या पायरीवर येऊन बसल्या. बऱ्याच वेळाने आतून रडणे ऐकू आले. नवे, ओले रडणे. मी ते किती वर्षांनी ऐकत होतो! माझ्या कड्या आपोआप थरथरल्या असतील, वारा नव्हता.

दार उघडले आणि साक्षी धावत गल्ली ओलांडून आली. अंगावर शाल नव्हती, केस सुटलेले.

"आई, पाळणा द्या. मुलगा झाला. फरशी फार थंड आहे, त्याला कुठं ठेवू?"

झाले, मला वाटले. आता माझी पाळी. आता ती चारा खायची गव्हाण कोपऱ्यात जाईल.

मंदाकिनीबाई उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा कसातरीच झाला होता. "तो माझ्या नातवाचा हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी दुसऱ्याचं लेकरू नाई झोपवायचं याच्यात. तुले समजत काहून नाई?"

साक्षीने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. मग अगदी हळू म्हणाली, "नातू कुठं आहे, आई?"

आणि ती परत गेली.

पुढचे मला दिसले नाही, पण ऐकू आले. मारोतीने ताजा पैरा आणला होता, म्हणजे भाताचा पेंढा. तो सळसळला. इंदूताई म्हणाल्या, "गव्हाणीची कड गरम पाण्यानं पुसली ना? हं, आता शाल टाक. आता ठेव त्याले." बाळ थोडे कुरकुरले. आणि मग गप्प झाले. बाळ रडायचे थांबते, तेव्हाची शांतता मी ओळखतो. माझे सारे आयुष्य तिच्यासाठीच होते. आणि ती शांतता गव्हाणीच्या वाट्याला गेली. आदल्या दिवसापर्यंत मी बाहुल्यासाठी जळत होतो. आता बाळ खरे होते, गरम, श्वास घेणारे. आणि मी दहा पावलांवर चादरीखाली तेल लावून तयार उभा होतो.

मग लोक येऊ लागले. खणणारे मजूर, त्यांच्या बायका, मारोती, गल्लीतला भाजीवाला. पायाला चिखल तसाच. दाराशी कुणी त्यांना अडवले नाही, कुणी पाय पुसा म्हटले नाही. आत जाऊन ते वाकून पाहत आणि हसत बाहेर येत. आमच्या ओसरीला ती माणसे कधी शिवली नव्हती. पाणी प्यायलासुद्धा फाटकाबाहेरच थांबत.

मंदाकिनीबाई हे सगळे पाहत होत्या. एकाएकी त्या उठल्या. त्यांनी माझ्यावरची चादर काढून फेकली, पदराने मोर पुसले आणि मला एकट्याच ओढू लागल्या. माझे पाय फरशीवर कर्रकन वाजले. मारोती धावत आला. "काकू, थांबा, मी उचलतो न!"

"उचल, उचल लवकर."

मला आत नेले. सुकवारो चटईवर पडली होती. शेजारी गव्हाण, आणि गव्हाणीत, पैऱ्यावर, साक्षीच्या निळ्या शालीत ते बाळ. मूठ गालाशी धरलेली. मंदाकिनीबाई धापा टाकत म्हणाल्या, "ठेवा. ठेवा लेकराले याच्यात."

सुकवारोने माझ्याकडे पाहिले. माझे मोर पाहिले, पितळ पाहिले. मग ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "सुत गे हे दाई. झन उठावव." झोपलाय हो आई, उठवू नका.

मी तसाच उभा राहिलो, बाळाच्या हाताच्या अंतरावर, रिकामा.

मंदाकिनीबाई खाली बसल्या. गव्हाणीच्या झिजलेल्या कडेवर हात ठेवून त्यांनी बाळाला पाहिले. खूप वेळ पाहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग त्यांचे लक्ष साक्षीकडे गेले. ती भिंतीशी कुडकुडत उभी होती. मंदाकिनीबाईंनी आपली शाल काढली आणि तिच्या खांद्यांवर टाकली, दोन्ही टोके हनुवटीखाली घट्ट धरली.

"तू माझं लेकरू हायेस," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्याचीच वाट पाहत राहिली."

साक्षीने त्यांच्या खांद्यावर डोके ठेवले. मग अँब्युलन्स आली आणि मायलेकरांना घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी उपासना झाली. गव्हाणीतल्या पैऱ्यात बाळाच्या अंगाचा खळगा तसाच होता. मुलांनी बाहुला त्या खळग्यात ठेवला. पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, लांब उपदेश करावाच लागला नाही, लोक त्या खळग्याकडेच पाहत होते. मीही तिथेच होतो, मागच्या कोपऱ्यात. माझ्यात लोकांनी स्वेटर आणि पिशव्या ठेवल्या होत्या.

साक्षीला पुढे मूल झाले का, असे तुम्ही विचाराल. नाही झाले. पण मला परत ओसरीत ठेवायचे नाही, असे सासू-सुनेने मिळून ठरवले. बीरगावात कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांसाठी मीनलताईंचे पाळणाघर आहे. तिथे मला पाठवले. तिथेच मला हा पिवळा रंग लागला. आता माझ्यात सकाळी एक बाळ असते, दुपारी दुसरे. माझ्या एका मोराची मान कुणीतरी नवे दात शिवशिवले म्हणून चावून टाकली आहे. मंदाकिनीबाई शनिवारी येतात, तेल माझ्याऐवजी बाळांना लावतात.

तरी खोटे बोलणार नाही. डिसेंबर आला की मारोती गव्हाण धुऊन प्रार्थनामंदिरात नेतो, हे मला इथे कळते, आणि मला अजून तिचा हेवा वाटतो. ती सुंदर नव्हती, बाळासाठी घडवलेली नव्हती. पण बाळ आले तेव्हा ती उघडी होती. बेथलेहेमातही तेच झाले असणार.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला भरपूर जपले होते. तुमच्या दाराशी कुणी जागा मागायला आले, पांघरूण मागायला आले, तर द्या. आणि लगेच द्या. बाळे फार वेळ वाट पाहत नाहीत. जिथे मिळेल तिथे ती झोपी जातात.