जावईबापू, जरा डावीकडे

सासूबाई कधी उलटं बोलल्या असत्या, तर तो केव्हाच घर सोडून गेला असता. पण त्या बोलायच्या ते असं: "जावईबापू, तसदी देते हं, पण ती पिवळी शेवंती जरा डावीकडे घ्याल का?" अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

एके काळी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटर म्हणत. पुढे छापील बोर्ड आले आणि त्याचा धंदा बसला. त्याच सुमारास सासूबाईंचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वाढत जाणार, थांबणार नाही. बायको शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर नोकरीला. तिला नोकरी सोडता येत नव्हती आणि याला सोडायला नोकरीच नव्हती. तेव्हा 'तू थोडे दिवस आईकडे राहा' असं ठरलं. थोडे म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. बायको शनिवारी संध्याकाळच्या बसने यायची, रविवारी संध्याकाळच्या बसने जायची. मधले दिवस तो, सासूबाई आणि बाग.

घर बैठं होतं. मागच्या दाराला लागून बाग, आणि बागेतली फुलं घरात मांडणं हा सासूबाईंचा जीव. बाहेरच्या खोलीत काचेची उंच फुलदाणी, जेवायच्या टेबलावर मातीची तपकिरी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत एक लहानशी, एका फुलापुरती. पानगळ सुरू झाली की या कामाला ऊत यायचा. सकाळी दव वाळायच्या आत फुलं कापायची, खालची पानं ओरबाडायची, देठ तिरके छाटून बादलीभर पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचे. डेलियाचे देठ आधी गरम पाण्यात धरायचे, नाहीतर दुपारपर्यंत माना टाकतात. हे सगळं आता तो करायचा. सासूबाई वेताच्या खुर्चीत बसून, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात कोंबून, हनुवटीने दाखवायच्या.

"बुटकं पुढे. उंच मागे. डावीकडे. तुमची डावी नव्हे, फुलाची."

"फुलाला डावी-उजवी असते का, आई?"

"तोंड असतं ना? मग डावी-उजवी असणारच."

तो हसायचा आणि फूल फिरवायचा. पाट्यांवरचं अक्षर जमवलेला हात होता, फूल बरोबर जागेवर बसायचं. आल्यागेल्यांना वाटायचं, सासूबाईंचीच मांडणी. ती त्यांचीच होती म्हणा. त्याचे फक्त हात होते.

त्या वर्षी शहरातल्या नाट्यगृहातून त्याला फोन आला. पाट्यांच्या दिवसांतला एक जुना सोबती तिथे नाटकांचे पडदे रंगवणाऱ्यांचा मुकादम झाला होता. एक जागा रिकामी होती. "तुझ्यासारखा हात मला दुसरा कुठे मिळणार? पण महिनाअखेरीच्या आत सांग," तो म्हणाला. बायकोला कळलं तेव्हा तिने दोन खोल्यांची जागा बघूनही ठेवली. सासूबाईंना सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते काही त्याच्याच्याने होत नव्हतं. आज सांगू म्हणून तो सकाळी उठायचा आणि शेवंतीच्या चार काड्या नीट उभ्या करण्यात दिवस मावळायचा.

अशातच सासूबाईंनी नर्सरीत जायचं काढलं. दर वर्षी या दिवसांत त्या टॅक्सी मागवून जायच्या आणि पुढच्या हंगामासाठी डेलियाचे नवे कंद सांगून यायच्या. नर्सरीवाली बाई फटकळ, पण सासूबाईंशी तिचं मेतकूट होतं. डेलियाचं करणं म्हणजे पाळण्यातलं पोर सांभाळणं. फुलणं संपलं की कंद उकरायचे, माती झटकायची, खोक्यात वाळूत निजवायचे, मधूनमधून कुणी कुजलंय का बघायचं, पुन्हा लावायचे, काठ्या रोवायच्या, बांधायचं. डेलिया घेतला की पुढचं सबंध वर्ष ठरलंच. तो ट्रॉली घेऊन सवयीने त्या मांडवाकडे वळला, पण सासूबाई पुढे गेल्या, झाडांच्या कोपऱ्यात. चाफ्याच्या भावकीतलं एक झाड होतं, कमरेइतकं, मोठ्या पांढऱ्या फुलांचं. निदान कुंडीवरच्या चित्रात तरी फुलं होती.

"फुलायला किती?" सासूबाईंनी विचारलं.

"चार वर्षं. लहरी असलं तर पाच," बाई म्हणाली. "पण एकदा मूळ धरलं की तुमच्याकडे ढुंकून बघणार नाही."

"हेच द्या."

त्याने कुंडी उचलली. चार वर्षं! डेलियाने एका वर्षाला बांधलं होतं, हे झाड तर सरळ चार वर्षांचा करार होता, आणि त्यावर सही न विचारता त्याचीच. टॅक्सीत कुंडी त्याच्या मांडीवर होती, फांद्या तोंडावर येत होत्या, आणि त्याला खिडकीची काच खाली करायलाही हात मोकळा नव्हता.

शनिवारी बायको आली तेव्हा तो मागे खड्डा खणत होता.

"सांगितलंस?"

"उद्या सांगतो."

"हा खड्डा कुणासाठी?"

"झाडासाठी."

"बरं झालं बाई. मला वाटलं, स्वतःसाठी खणतोयस." ती कट्ट्यावर बसली. "हे बघ, मी सांगणार नाही. मी सांगितलं तर आई म्हणेल, मुलीने जावयाला ओढून नेलं. तुझं काम, तुझं तोंड."

रविवारी सकाळी काचेची फुलदाणी भरायची होती. गडद लाल डेलिया, तांबूस पानांच्या दोन फांद्या, आणि सासूबाईंच्या हट्टाखातर गवताचे चार वाळके तुरे. बायको दारात टॉवेलने उगाचच भांडी पुसत उभी होती.

"मध्ये मोकळं ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "फुलांना श्वास घेऊ द्या."

श्वास हा शब्द ऐकला आणि त्याच्या तोंडून निसटलंच. "आई, मला शहरात काम मिळतंय. पडदे रंगवायचं. पुढच्या महिन्यापासून."

दारातलं भांडं पुसायचं थांबलं. सासूबाईंनी फुलांवरची नजर काढली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. मग हनुवटीने दाखवत म्हणाल्या, "ती डावीकडची फांदी काढून टाका. गर्दी होतेय."

एवढंच. रडणं नाही, टोमणा नाही. बायको बसमध्ये चढताना म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतास." त्यालाही तसंच वाटलं.

खरी गोष्ट सोमवारपासून सुरू झाली. सासूबाईंनी त्याला काही सांगणंच सोडून दिलं. स्वेटरची बटणं त्या स्वतः लावायला लागल्या. एकेका बटणाशी झटापट चालायची, आणि तो शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राचं तेच पान धरून बसायचा. चहा कपात कमी, बशीत जास्त पडायचा. तो पुढे झाला की त्या म्हणायच्या, "राहू द्या, जावईबापू. सवय करतेय."

एका सकाळी कात्री घेऊन त्या बागेत गेल्या. तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होता. कात्री देठावर यायची आणि सरकायची, यायची आणि सरकायची. देठ कापला जाण्याऐवजी चेचला जात होता. जमिनीवर पाकळ्यांचा सडा पडला. शेवटी तीन फुलं घेऊन त्या आत आल्या आणि तपकिरी फुलदाणीत खोचायला लागल्या. तिसऱ्या फुलाला हात असा काही उसळला की फुलदाणी आडवी झाली, पाणी टेबलावरून खाली त्यांच्या सपातांवर. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हातरुमालाने टेबल पुसायला लागल्या. रुमाल केवढा, पाणी केवढं.

तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि त्याने मुकादमाला फोन लावला. "जमणार नाही रे. घरचं आहे."

"बघ हं. मग मी दुसरा घेतो."

"घे."

छातीवरचा दगड उतरेल असं त्याला वाटलं होतं. तो उतरला नाही. आत येऊन त्याने फडकं घेतलं, फरशी कोरडी केली, फुलं पुन्हा लावली. फोनचं सासूबाईंना सांगितलं नाही, आणि बायकोलाही नाही. शनिवारी तिने खोल्यांच्या पडद्यांचं कापड दाखवलं तेव्हा "निळं बरं आहे" म्हणाला. खोटं बोलायला एवढंच लागतं.

पण शहर मोठं असलं तरी औषधाच्या खिडकीवर सगळेच येतात. मुकादमाची आई औषधं घ्यायला आली, सोबत मुकादम. बायको त्याला म्हणाली, "आमच्या पेंटरला जपून वागवा हं." तो चाट पडला. "अहो, तो तर नाही म्हणाला. जागा कालच भरली."

ती भर आठवड्यात, दुपारच्या बसने येऊन दारात उभी राहिली. चपलाही काढल्या नाहीत.

"निळं बरं आहे का रे? निळं?"

त्याने हातातली कात्री खाली ठेवली.

"मी तिकडे एकटी घर मांडतेय आणि तू इथे फुलं मांडतोयस! नाही जायचं तर नाही म्हणायचं. मला कशाला झुलवत ठेवलंस?"

"आईंचं बघितलं असतंस तर तूही हेच केलं असतंस. परवा सगळं पाणी—"

"माझं काय?" सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या. चौकटीला धरलेला हात थडथडत होता. "माझ्यासाठी नाही म्हणालात तुम्ही?"

"तुमचं एकटीचं कसं होणार, आई?"

"कसंही होईल! सांडेन, पुसेन. तुम्हाला कुणी सांगितलं माझ्या नावावर बिल फाडायला?" इतक्या वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "मी म्हणाले होते, जाऊ नका?"

"तोंडाने नाही म्हणालात." त्यालाही आता धीर आला, की संताप, त्याचं त्यालाच कळलं नाही. "चार वर्षांनी फुलणारं झाड आणलंत. खड्डा मी खणला. मला काय कळत नाही?"

सासूबाई चौकट सोडून पुढे आल्या. मग खुर्चीत बसल्या.

"काही कळत नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "त्या झाडाला काठी लागत नाही, बांधायला लागत नाही, उकरायला लागत नाही. कुणाचेच हात लागत नाहीत. मला नुसतं खिडकीतून बघता येईल असं काहीतरी हवं होतं. फोनवर तुमचं कुजबुजणं सुरू झालं तेव्हाच मी ओळखलं होतं. हात थरथरतात म्हणून कान गेलेत का माझे?"



"आणि डेलिया," त्या खाली बघत म्हणाल्या, "ते मात्र तुम्हाला अडकवायलाच लावले होते. खोटं कशाला बोलू? कंद उकरायला थांबाल, मग लावायला थांबाल. पहिल्या वर्षी चार होते, आता अख्खा वाफा आहे. कुणाला कळलं नाही. मला कळत होतं."

बायकोने तेव्हा कुठे चपला काढल्या.

"पण आता जागा गेली, आई," तो म्हणाला.

"जागा गेली म्हणजे शहर गेलं का? बायको तिथेच आहे ना?"

त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. इतके दिवस सासूबाई आड येत होत्या. आता आड कुणीच नव्हतं, तरी पाय उचलत नव्हता. रोज सकाळी कुणीतरी डावीकडे म्हणणार, आपण डावीकडे करणार. चुकलं तर त्यांचं, जमलं तरी त्यांचं. पिंजरा म्हणून ज्याला तो शिव्या घालत होता, त्यात त्याला चांगली झोप लागत होती. हे त्याने बायकोला सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "मला माहीत आहे. बॅग भर."

सासूबाईंनी बंदोबस्त आधीच करून ठेवला होता. नर्सरीवाली बाई सकाळ-संध्याकाळ येऊन जाणार होती, आणि तिची विधवा बहीण घरातल्या कोपऱ्याच्या खोलीत राहायला. निघण्याआधी त्याने सगळा डेलिया उकरला. कंदांची पोती नर्सरीवालीने टेम्पोत टाकली आणि म्हणाली, "सुटलात, पेंटर!" तो म्हणाला, "बघू."

निघताना सासूबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. "तसदी दिली फार," त्या म्हणाल्या. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा थरथरता हात डोक्यावर नीट टेकेना. त्याने तो आपल्या हाताने धरून टेकवला.

शहरात पहिले दिवस वाईट गेले. दोन खोल्या, समोर भिंत. बायको कामाला गेली की तो खिडकीशी उभा राहायचा. शेवटी लाज गिळून नाट्यगृहात गेला. मुकादम म्हणाला, "जागा नाही. पण पडद्याला रंगाआधीचं पांढरं अस्तर चढवायला, ब्रश धुवायला माणूस लागतो. रोजावर येशील?" तो गेला. महिनाभर त्याने दुसऱ्यांचे ब्रश धुतले.

मग एक दिवस मुकादम घाईत होता. जमिनीवर भला मोठा पांढरा पडदा पसरलेला. "संध्याकाळचं आभाळ हवंय," तो म्हणाला, "कर." आणि निघून गेला. कोणता रंग, कुठून, किती, काहीच सांगितलं नाही. तो ब्रश घेऊन पडद्याच्या कडेला उभा राहिला. बराच वेळ तसाच, कुणीतरी बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. शेवटी त्याने करडा कालवला, वाकला आणि सुरुवात केली.

मुकादम परत आला आणि डोक्याला हात लावला. "हे आभाळ आहे की ओली भिंत?"

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "आज माझं साफ चुकलं."

"मग?"

"मग काय, पांढरा मारून परत केलं. तेही चुकलं. उद्या पुन्हा करायचंय." तो हात धूत होता. नखांत करडा रंग अडकला होता, निघत नव्हता. "पोळी वाढ. भूक लागलीय."