शनिवारची आई

"अजून एक अंडं खा. पाण्यात काय उपाशीपोटी उतरणार आहेस?"

टिल्लूनं ताईकडं पाहिलं. ताई दुधाचा पेला नुसताच हातात फिरवत बसली होती. "आत्या तर अर्धंच केळं देते," ती म्हणाली.

"आत्याला काय कळतंय? तिनं कधी पोरं वाढवलीत?" आई म्हणाली आणि तिसरं अंडं टिल्लूच्या ताटलीत पडलं. नणंद वरच्याच मजल्यावर राहायची. खिडकी उघडी होती. ऐकू गेलं तर जाऊ दे, असं आईला वाटलं.

मुलांना पोहायला आणि पियानोला घालायचं ठरलं, तेव्हा अडलं होतं ते एकाच गोष्टीवर: न्यायचं कोणी? आई लाँड्रीत इस्त्री करायची आणि शनिवारी तिथं मान वर करायला फुरसत नसे. नवरा बस चालवायचा, त्याच्या सुट्टीचा भरवसा नव्हता. नणंद आपण होऊन म्हणाली, "मी नेते की. माझ्या घरी कोण वाट बघतंय?" तेव्हा ती अगदी देवासारखी धावून आली असं वाटलं होतं.

आता मात्र शनिवारची संध्याकाळ झाली की हिच्या पोटात दुखायला लागायचं. पोरांच्या तोंडी उठताबसता आत्या. आत्यानं केस टोपीत असे कोंबले, आत्यानं कान असे पुसले. पियानोचा सरावसुद्धा वरतीच, आत्याच्या कीबोर्डवर. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणे, "अगं, आयतं होतंय ना सगळं?"

आयतं! पोरंही आयतीच मिळाली की वन्संना, असं तिच्या मनात येई आणि तिची तिलाच लाज वाटे. पण लाज वाटली म्हणून जळणं काही थांबत नाही. अखेर तिनं लाँड्रीतल्या मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली आणि वर जाऊन सांगितलं, "वन्सं, या शनिवारी मी नेते मुलांना."

नणंद म्हणाली, "बरं. फक्त खाण्याचं तेवढं..."

"ते मी बघते," तिनं मध्येच तोडलं.

तलावावर टिल्लूनं दोनदा पाण्यात तोंड घातलं, तिसऱ्यांदा वर काढलं आणि सकाळची सगळी अंडी पाण्यात. शिट्टी वाजली. सगळ्या पोरांना बाहेर काढलं. काठावर कुडकुडत उभी राहून ती पोरं टिल्लूकडं बघायला लागली, आणि बाकावरचे आईबाप हिच्याकडं.

पोहायला शिकवणारे सर टिल्लूला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. "काय खायला दिलंत याला?"

"अंडी. दूध. थोडा ब्रेड."

"पाण्यात उतरण्याआधी?" सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, याच्या आईंना हे सगळं पाठ आहे. आज आल्या नाहीत का त्या? तुम्ही कोण याच्या?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ताई स्वतःच्या ओल्या पायांकडं बघत होती. बाकावरचं एकही डोकं हलत नव्हतं.

"मी..." ती म्हणाली. "मी आत्या."

"तरीच," सर म्हणाले.

पियानोच्या वर्गाकडं जाताना तिनं न राहवून विचारलं, "सरांना कधी सांगितलं नाहीत? आत्या ही आई नाही म्हणून?"

"मी सांगितलं होतं," ताई म्हणाली. "आत्यानंपण सांगितलं. ते विसरतात. इतकी मुलं असतात ना त्यांच्याकडं."

नणंदेनं मुद्दाम केलं असतं, तर भांडता तरी आलं असतं. आता भांडायचं कुणाशी?

पोट रिकामं झाल्यामुळे टिल्लू पुन्हा ताजातवाना झाला होता. वर्गाच्या दारात त्यानं पियानोच्या बाईंना मोठ्यांदा सांगून टाकलं, "आज आमची आत्या आलीय!" त्याला हा नवाच खेळ सापडला होता. ताईनं चटकन आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली. असू दे.

ती बाहेरच्या खुर्चीवर बसली. आतून आधी टिल्लूची धडपड ऐकू आली, मग ताईचं वाजवणं. सावकाश, एकदाही न अडखळता. ही आपली पोर? घरात तिनं हे कधीच ऐकलं नव्हतं. घरात फक्त छतावरून काहीतरी टुणटुण यायची आणि ती रागानं नळ जोरात सोडायची.

तास संपल्यावर बाई स्वतः बाहेर आल्या. "मुलांच्या आईंना माझा निरोप सांगाल? म्हणावं, मुलीचा हात फार छान बसलाय. घरी कुणीतरी रोज शेजारी बसून करून घेतंय, हे कळतं हो ऐकताना."

"सांगते," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती मुलांना घेऊन आधी वर गेली. नणंदेनं दार लगेच उघडलं. तिनं टिल्लूचं पोट चाचपलं, ताईच्या केसांना हात लावून पाहिला. सगळा दिवस दाराशीच उभी असावी तशी.

"वन्सं, पियानोच्या बाईंनी निरोप दिलाय."

"मला?"

"तुम्हालाच." आणि तिनं निरोप पुरा सांगितला, हात छान बसल्याचा, शेजारी बसून करून घेतल्याचा, काही लपवलं नाही. नणंदेचे डोळे भरून आले. फक्त तो निरोप कुणाच्या नावानं आला होता, तेवढं तिनं सांगितलं नाही. 'आई' हा एवढा एक शब्द तिनं स्वतःजवळ ठेवून घेतला.