भार हवेत असताना

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. खालच्या जबड्यात, उजव्या बाजूला, अगदी शेवटची. पूर्वी मी शेवटून दुसरी होते. शेवटची कशी झाले ते पुढे येईलच, पण ते सांगताना मला अजून कापरे भरते, तेव्हा मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

दाढेला डोळे नसतात. तोंड उघडले की थोडा उजेड आत येतो, तेवढेच आमचे जग. बाकीचे सगळे मी हाडातून ऐकते. आमची बाई बोलू लागली की तिचा शब्द आधी मला कळतो आणि मग लोकांना. न बोललेले शब्दही मला कळतात, कारण ते सगळे माझ्यावर येऊन बसतात.

मी उगवले तेव्हा बाई पहिलीत होती. तिचे पुढचे दुधाचे दात पडले होते आणि सगळे घर त्या फटीचे कौतुक करत होते. मी मागून, कुणालाही न पाडता, गुपचूप वर आले. हसताना मिरवायला पुढचे दात आणि दळायला आम्ही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आले. तरी शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरांनी माझ्यावर आरसा धरून म्हटले होते, "ही दाढ फार छान आलीय. जप हिला." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. पुढे माझ्यामागे माझी धाकटी शेजारीण उगवली. आम्ही दोघी इतक्या खेटून उभ्या होतो की मधून दोराही जेमतेम जाई. अक्कलदाढ मात्र बाईला आलीच नाही, आणि त्यावरून तिचा धाकटा दीर तिला चिडवायची एकही संधी सोडत नसे.

मोठी झाल्यावर बाई क्रेन चालवायला शिकली. जिथे उंच इमारती बांधतात तिथली ती मनोऱ्यासारखी क्रेन. शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसायचे, एक दांडा डाव्या हातात, एक उजव्या हातात, आणि टनावारी लोखंड माणसांच्या डोक्यांवरून फिरवायचे. तिला शिकवणाऱ्या जुन्या चालकाला सगळे मामा म्हणत. मामांनी पहिल्याच दिवशी तिला कानमंत्र दिला.

"पोरी, दांडा घट्ट धरलास की भार हिसका देतो. हात लोण्यासारखा मऊ ठेव. भीती वाटली तर ती हातात उतरू द्यायची नाही, दातात घ्यायची. भार हवेत असेपर्यंत दात आवळ. खाली टेकला की सोड."

मामांच्या तोंडात तेव्हा चारच दात उरले होते. बाईला वाटले, वयाने गेले असतील.

त्या दिवसापासून माझे खरे काम सुरू झाले. भार उचलला की वरची दाढ माझ्यावर येऊन बसे आणि भार टेकला की उठे. खरे सांगू, मला त्याचा अभिमान वाटे. बाईने ठेवलेला भार बशीत कप ठेवावा तसा अलगद टेकायचा. "हिच्यासारखा हात कुणाचा नाही," असे साहेब म्हणत. तो हात कुणाच्या जिवावर स्थिर आहे, हे फक्त आम्हा दाढांना माहीत होते.

मग बाईने आपल्या दिराला तिथेच कामाला लावले. खाली उभे राहून वॉकीटॉकीवर चालकाला वाट सांगायची, हे त्याचे काम. "वहिनी, जरा डावीकडे. अजून. बस, सोडा खाली." त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येई. तो हसरा आवाज मला आवडायचा.

एका दुपारी सळयांचा जुडगा हवेत असताना वाऱ्याचा झोत आला. जुडगा फिरला. वॉकीटॉकीतून "वहि—" एवढेच आले आणि आवाज तुटला. वरची दाढ माझ्यावर अशी आदळली की मला वाटले मी दुभंगले. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. अखेर दिराचे हसणे ऐकू आले. "काही नाही वहिनी, खांद्यावरची धूळ झटकून गेला. चला, सोडा खाली."

भार खाली टेकला. बाईही हसली. पण मित्रांनो, त्या दिवशी तिने दात सोडले नाहीत.

ती शिडी उतरली, घरी आली, भाजी चिरली, लेकीच्या वेण्या घातल्या, आणि सगळा वेळ वरची दाढ माझ्या उरावर होती. लेक रस्ता ओलांडू लागली की दाब वाढे. नवऱ्याचा फोन वाजला तरी वाढे. झोपेतसुद्धा बाई आम्हाला करकरा घासत राही. घाबरलेल्या माणसाची दातखीळ बसली असे तुम्ही म्हणता ना? ती बसलेली असताना आत काय होते, ते आम्हाला विचारा.

दुखणे आधी कानात आले. बाईने कानात थेंब घातले. मग कानशिलात आले, गालात आले, मानेपर्यंत उतरले. सकाळी तोंड दोन बोटांपुरतेही उघडेना आणि जांभई दिली की कानापाशी कट असा आवाज होई. ती घास बारीक करून गिळू लागली. घरात कुणापाशी तिने तोंडातून ब्र काढला नाही. आणि कामावर गेली की पुन्हा तेच. भार हवेत, खाली दीर, आणि दात आवळलेले.

शेवटी ती एका दवाखान्यात गेली आणि गालावर बोट ठेवून म्हणाली, "ही मागची दाढ दुखते." फोटो काढला. त्यात काही दिसले नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांनी थोडे थांबू या म्हणून पाहिले, पण बाई हट्टाला पेटली होती. "मला कामावर जायचंय. काढून टाका."

माझी शेजारीण ठणठणीत होती, मित्रांनो. तिला कीड नव्हती, ती हलत नव्हती. चिमटा आत आला तेव्हा तिने मला घट्ट धरून ठेवले होते, आणि मी काही करू शकले नाही. नंतर माझ्या मागच्या बाजूला नुसता वारा लागू लागला.

काही दिवस बाईला हायसे वाटले. मग दुखणे परत आले, होते त्याहून मोठे होऊन आले. ते शेजारणीत नव्हतेच, तर तिच्याबरोबर जाणार कसे? एका सकाळी बाईचे बोट गालावर फिरत फिरत थोडे पुढे सरकले आणि थांबले. बरोबर माझ्यावर.

"आता ही," ती नवऱ्याला म्हणाली. "ही पण काढते."

माझे धाबे दणाणले. मी दातांच्या कण्या केल्या असत्या, पण माझे कोण ऐकणार? पुढचे सगळे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. कुठे धातूचा खणखण आवाज झाला, चमचा ताटाला लागला, तरी मला चिमटाच आठवे.

दवाखान्यात त्या दिवशी वेगळ्या डॉक्टरीणबाई होत्या. उजेड माझ्यावर आला. मी वाट पाहत राहिले. पण त्यांनी चिमटा उचलला नाही. त्यांनी बाईच्या दोन्ही गालांवर बोटे टेकवली आणि हळूच दाबले. बाई कळवळली.

"इथे दाढ नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा स्नायू आहे. दगड झालाय नुसता. मला सांगा, आत्ता तुमचे दात एकमेकांना लागलेत?"

"लागलेलेच असतात ना?"

"नाही हो. जेवताना तेवढे लागतात. एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे, असं असतं. तुम्ही कधीपासून आवळून बसलाय?"

मला वाटले, आता वरची दाढ पुन्हा बसणार. पण त्याऐवजी एक शब्द आला, मग दुसरा, मग सगळेच आले. वारा, सळया, दिराचा तुटलेला आवाज. "दात सोडले तर माझा हात थरथरेल," ती म्हणाली. "खाली माझा दीर उभा असतो. मीच त्याला तिथे आणलंय."

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, "झोपताना घालायला दातांवर एक पट्टी करून देते. गाल शेकायचा, जबडा सैल सोडायचा व्यायाम सांगते. ही दाढ मी काढणार नाही, ती चांगली आहे. मागचीही बहुधा काढायला नको होती. पण ही भीती अशी आत दाबून ठेवलीत तर पट्टीसुद्धा चावून तोडाल. ती कुणाला तरी सांगा. दिरालाच सांगा."

मी वाचले, असे मला वाटले. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

बाई केबिनमध्ये बसली. सळयांचाच जुडगा होता. तिने भार जमिनीपासून जेमतेम वर घेतला आणि दात सोडले. लगेच तिचा हात थरथरला. साखळी किणकिणली. खालून कुणीतरी ओरडले. वरची दाढ खाली येऊ लागली, आणि मित्रांनो, त्या क्षणी मलासुद्धा वाटले की यावी, माझे काय व्हायचे ते होवो, पण तो माणूस वाचावा.

बाईने भार परत जमिनीवर टेकवला.

"वहिनी, काय झालं?"

"भावजी," ती वॉकीटॉकीत म्हणाली, आणि सगळे कामगार ते ऐकत होते, "मला भीती वाटते. तुमच्या अंगावर पडेल म्हणून. त्या दिवसापासून रोज वाटते."

मग दिराचा आवाज आला. त्यात हसू नव्हते.

"मलाही वाटते, वहिनी. मी तेव्हा हसलो ते तुम्ही घाबरू नये म्हणून."

कुणी त्यांची थट्टा केली नाही. दीर भाराच्या वाटेपासून चांगला दूर जाऊन उभा राहिला. वारा वाढला की थांबायचे, मग साहेब काहीही म्हणोत, असे दोघांनी तिथेच ठरवले. बाईने पुन्हा भार उचलला. हात थोडा थरथरत होता, म्हणून तिने तो नेहमीपेक्षा सावकाश नेला. बशीत कप ठेवल्यासारखा काही तो टेकला नाही, जरा धप्पकन टेकला. पण टेकला.

आता बाईला पूर्ण बरे वाटते असे म्हणाले तर ते खोटे होईल. दुखणे कमी झाले आहे, गेलेले नाही. लेकीला यायला उशीर झाला की वरची दाढ अजून खाली सरकते आणि मी भीतीने गोठून जाते. कधी बाई वेळेवर "मला भीती वाटतेय" असे म्हणते, कधी म्हणत नाही. ज्या दिवशी म्हणत नाही त्या दिवशी तिचे बोट पुन्हा गालावर फिरू लागते, आणि मला माझ्यामागची रिकामी जागा आठवते.

म्हणून तुम्हाला एक विनवणी आहे. दात घासता तसे घासाच. पण तुमच्या घरात कुणी गाल धरून गप्प बसलेले दिसले, तर "कुठे दुखतंय?" एवढेच विचारून खेळायला पळू नका. जवळ बसा आणि "कसली भीती वाटतेय?" असेही विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ बसून राहा, कारण आत माझ्यासारखे कुणीतरी श्वास रोखून त्या उत्तराची वाट पाहत असते.