आम्ही दुकान वाढवत आहोत

रुपालीच्या मोबाईलवर अक्षरं एकेक करून उमटत होती, पोरानं पाटीवर गिरवावीत तशी. सोलापूरच्या चिंतामणी शेठच्या चटणी-भाकरीच्या दुकानाचं हे इंटरनेटवरचं नवं पान. शेठच्या मुलानं, अवधूतनं, बनवून सगळ्यांना पाठवलं होतं. केराबाई पीठ मळता मळता सुनेच्या खांद्यावरून बघत होती. प्रौढांच्या वर्गात ती अक्षर अक्षर लावून वाचायला शिकली होती, त्यामुळे आज पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या बेतानं लिहितंय असं तिला वाटलं.

'आम्ही दुकान वाढवत आहोत.' एवढं उमटलं आणि पुढं एक उभी काडी नुसती लुकलुकत राहिली.

तेवढ्यात दूध उतू गेलं, बाळ रडलं, रुपाली उठली आणि मोबाईल काळा झाला. केराबाईला पुढचं बघायचंही नव्हतं. आपल्याकडं दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि दुकान बंद करणारा दुकान वाढवतो. अभद्र शब्द टाळायची रीत शेठनं पाळली होती. तोंडानं सांगायची रीत मात्र त्याला सुचली नव्हती.

त्या दुकानात इतकी वर्षं तिचीच कडक भाकरी जात होती. आता ते गेलं, म्हणजे राहिलं श्रीपूर. तिच्याच गावचा, वैरागचा, बिभीषण तिथं साखर कारखान्याजवळ खानावळ चालवायचा आणि हंगामभर भाकरी करायला चला म्हणून मागं लागला होता. म्हणजे घर सोडायचं, अंगाखांद्यावरचं नातवंड सोडायचं, परक्या चुलीपुढं बसायचं. त्याला आजच उत्तर हवं होतं.

दोन भाकऱ्या करपल्या. तिसरी थापतानाच फाटली.

"आत्या, फोन तरी लावा की शेठला," रुपाली म्हणाली.

"फोनवर काय इचारायचं? तोंडावर सांगू दे की त्याला."

कालच्या वाळवलेल्या भाकऱ्यांचं गाठोडं बांधून ती स्टँडवर आली. बिभीषण तिथंच टपरीवर चहा पीत होता. "मावशी, काय ठरलं मग?" त्यानं विचारलं. तिनं गाठोडं काखेत मारलं. एसटीच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा मात्र सगळा वैताग एकदम वर आला आणि ती म्हणाली, "येते मी." बिभीषण हसला, गाडी सुटली. देऊन टाकला होकार, सुटले एकदाची, असं तिनं स्वतःला बजावलं. पण सुटल्यासारखं काही वाटेना. गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं, परत मांडीवर घेतलं. शेजारची बाई शेवटी म्हणालीच, "मामी, ठेवा की येका जागी."

सोलापुरात दुकानाची पाटी उतरवलेली होती. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. शेंगाचटणीच्या बरण्या टेम्पोत चढत होत्या आणि शेठ घामाघूम, पण भलताच खुशीत होता.

"या केराबाई. पान पाहिलंत ना? कसं वाटलं?"

दुकान मोडणाऱ्यानं वर असं विचारावं, याचा तिला संताप आला. "कसं वाटायचं? तुमचं दुकान, तुमी वाढवा. येका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"अहो, तुम्हाला चकित करायचं होतं."

"केलं की. दोन भाकऱ्या करपल्या माज्या."

शेठला काही उमगेना. अवधूतच्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. "मावशी, पुढच्या ओळी वाचल्या का?"

"पुढं कुटं काय हाय? काडी हाय नुसती."

त्यानं पान उघडून मोबाईल तिच्या हातात दिला. अक्षरं निघाली, पहिली ओळ संपली, काडी लुकलुकायला लागली.

"अरे, दाखव की लवकर," शेठ करवादला.

"बाबा, मध्ये मुद्दाम वेळ ठेवलाय. लोकांची उत्सुकता वाढते."

"लोक सकाळपासून माझी तब्येत का विचारतायत, ते आता कळलं मला."

काडी हलली. 'नव्या जागेत, दुप्पट मोठं.' पुन्हा थांबली. केराबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. मग वै आलं, रा आलं, ग आलं, आणि ती ओठ हलवत मागोमाग वाचत निघाली. के. रा. बा. अक्षर तिच्यापुढं पळालं नाही, ती अक्षराच्या मागं पडली नाही. 'वैरागच्या केराबाईंची भाकरी मात्र तीच.'

रेशनकार्डावर तिनं आपलं नाव पाहिलं होतं. पण तिच्या डोळ्यांदेखत ते कुणी असं सावकाश लिहिलं नव्हतं. डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत. "लई सावकाश लिवतोस बाबा," एवढंच ती अवधूतला म्हणाली. आणि मग तिला श्रीपूर आठवलं.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला साधा फोन वाजलाच. बिभीषण होता. "मावशी, सोमवारी गाडी पाठवू न्हवं?"

"कशाला?"

"श्रीपूरला यायला. तुमीच म्हनला की, येते मी."

केराबाईनं टेम्पोत चढणाऱ्या बरण्यांकडं पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि हे पुरतं खोटंही नव्हतं.

"आरं, गाडीत चढताना मानूस काय म्हनतं? जाते म्हनतं व्हय?"