त्रेचाळीस कलमांची गिटार

चष्मेवाला पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आला तेव्हा त्याच्या हातात गिटार नव्हती, फाइल होती. त्यावरूनच मी काय ते ओळखलं. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, स्वतःचं चष्म्याचं दुकान असलेला माणूस. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढची भिंगं बदलायची आणि 'हे बरं दिसतं का ते बरं' असं विचारायचं, हा त्याचा धंदा. स्वतःला कशातलं काय बरं ते मात्र त्याला कधी कळलं नसावं. त्याला हव्या असलेल्या इलेक्ट्रिक गिटारसाठी फाइलीत त्रेचाळीस कलमं होती आणि प्रत्येकापुढे दोन-तीन पर्याय पेन्सिलीनं लिहून खोडलेले होते.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मेज, भिंतीवर रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्या आणि खिडकीशी चार तयार गिटारी. मागच्या खोलीत लाकूड, रंधे, करवत आणि सगळीकडे भुसा. मी आणि थोरल्या भावानं मिळून हे उभं केलं. भाऊ गेल्यावर मालकी पुतण्याकडे गेली आणि पुढचं मेज माझ्याकडे राहिलं. गिऱ्हाइकाशी बोलून लाकूड कुठलं, मान किती जाड, तारांचा आवाज उचलणारे पिकअप कुठले, रंग कोणता, हे सगळं मी ठरवायचो.

पुतण्याला हे मेजच काढून टाकायचं होतं. त्यानं संगणकावर एक चित्र करून घेतलं होतं. त्यात गिऱ्हाइकानं लाकडावर बोट ठेवायचं, रंगावर बोट ठेवायचं, की गिटार समोर तशी दिसते. बाहुलीला कपडे घालायचा खेळ आहे हा, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. महिनाभर आमची धुसफुस चालली. शेवटी तो म्हणाला, "काका, आता येईल ती पहिली ऑर्डर सगळी तुमच्या पद्धतीनं करा. गिऱ्हाईक एकही तक्रार न करता गिटार घेऊन गेलं तर मेज तुमचं, मी परत विषय काढणार नाही. पण तक्रार आली तर पुढे संगणकाचा पडदा लागेल. तुम्ही मागे बसून घासकाम करायचं, आणि निवडीत तोंड घालायचं नाही."

मी हो म्हटलं. चाळीस वर्षं हेच करत आलो होतो, मला कसली धास्ती. आणि आला कोण, तर हा.

माझी पद्धत म्हणजे खरं तर भावाची. गिऱ्हाईक आलं की लगेच कागद काढायचा नाही. आधी त्याला स्टुलावर बसवायचं, मांडीवर कुठलीही एक गिटार द्यायची आणि पाव तास गप्प बसून बघायचं. अंगठा कुठं जातो, कोपर कुठं टेकतं, कुठला खांदा पडतो. माणूस तोंडानं खोटं बोलेल, कोपरानं नाही बोलणार, असं भाऊ म्हणायचा. हे सगळं बघून झालं की मग कागद.

चष्मेवाल्याला मी स्टुलावर बसवलं नाही. त्यानं खुर्ची ओढली, फाइल उघडली आणि वाचायलाच सुरुवात केली. मानेला भाजलेलं मेपल हवं. मी विचारलं, नुसतं भाजून देऊ की मीठ लावून? तो हसला नाही. वहीत काहीतरी टिपून घेतलं.

"भाजलेल्या लाकडाचा आवाज उबदार येतो म्हणतात," तो म्हणाला.

"कोण म्हणतात?"

"लोक."

"तुम्ही ऐकलाय?"

"वाचलंय."

आवाज वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढे दीड तास हेच चाललं. मानेवरच्या आडव्या फ्रेटच्या तारा केवढ्या जाड, बोटांखालच्या पट्टीला गोलाई किती, खुंट्या कुठल्या घडणीच्या, बटणं धातूची की लाकडाची. प्रत्येक गोष्ट त्याला कुणीतरी सांगितलेली होती. हा कुणीतरी इंटरनेटवर राहतो आणि त्याला दुसरा उद्योग नाही. मी मध्येच एखादं खोटं नाव ठोकून द्यायचो, अमुक झाडाचा गाभा घ्या म्हणायचो, की हा मान डोलवून लिहून घ्यायचा आणि म्हणायचा, हो हो, त्याबद्दल पण वाचलंय. असल्या माणसाच्या मांडीवर गिटार ठेवून बघायचं काय? बेडकाला पोहायला येतं का ते विचारतात, दगडाला नाही विचारत.

शेवटचं कलम पॉलिशचं. गिटार नवी कोरी हवी, पण तीस वर्षं वाजवल्यासारखी दिसायला हवी. कोपर घासतं तिथला रंग उडालेला, कडांचे टवके निघालेले, पाठीला पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. अशी मागणी करणारे पूर्वीही येत. त्यांच्याबद्दल माझं मत कधी चांगलं नव्हतं. झिजायला माणसाला तीस वर्षं लागतात आणि यांना ती सहा आठवड्यांत पाहिजेत, वर हमीपत्रासकट.

"म्हणजे वाजवायचे कष्ट आम्ही करायचे," मी म्हटलं, "आणि झिजलेली गिटार तुम्ही मिरवायची."

त्याचे कान लाल झाले. फाइल मिटता मिटता तो म्हणाला, अजून एक विचारायचं राहिलं. मी म्हटलं, त्रेचाळीस झाली की, आता देवालासुद्धा इतकं कुणी विचारत नाही. तो कसनुसा हसला आणि राहू दे म्हणाला. मी आमच्या कागदावर सगळं उतरवलं. कागदाची पहिली ओळ हाताची असते, वाजवणारा उजवा का डावा. त्यानं खाली उजव्या हातानं सही केली, ती बघून मी वर उजव्यापुढे खूण केली आणि कागद मागे खिळ्याला अडकवला.

रंगासाठी तो तीन वेळा आला. नमुन्याच्या पट्ट्या खिडकीशी नेऊन बघितल्या, मग रस्त्यावर उन्हात, मग परत आत दिव्याखाली. एक पट्टी कोटाच्या बाहीला लावून बघितली, जणू सोयरीक जमवत होता. हिरव्याच्या चार छटांत अडकला. दर वेळी बायकोला फोन. ती बिचारी बहुतेक कामात असायची, कारण तिचं उत्तर एकच यायचं, तुम्हाला आवडेल तो घ्या. हे ऐकून तो आणखी घाबरायचा. शेवटी त्यानं शेवाळी हिरवा घेतला. म्हणजे मी बाकीच्या तीन पट्ट्या मेजाच्या खणात टाकून खण बंद केला, तेव्हा त्यानं तो घेतला. पुतण्या दारात उभा राहून बघत होता. हसला नाही, पण आत गेला तो शीळ घालतच.

काम मात्र मी झकास केलं. गिऱ्हाईक कसलंही असो, लाकडानं आपलं काही बिघडवलेलं नसतं. धड कोरलं, कोपराच्या जागी उतार दिला, मान बसवली, रंग चढवला, घासला, पुन्हा चढवला. आरशासारखी झाल्यावर तीच गिटार मी हातानं म्हातारी करायला घेतली. हे काम सोपं वाटतं, पण नवखा माणूस कुठंही खरवडतो आणि गिटार वाजवल्यासारखी न दिसता जिन्यावरून पडल्यासारखी दिसते. वाजवणाऱ्याचं अंग जिथं लागतं तिथंच झीज हवी. मी स्वतः गिटार मांडीवर घेऊन बसायचो, उजवं कोपर टेकायचो आणि नेमकं तिथंच पॉलिश कागदानं रंग पातळ करत लाकडापर्यंत जायचो. पाठीला माझ्याच पट्ट्याचं बकल घासलं. मानेवरचा चकचकीतपणा अंगठ्याच्या वाटेनं मारला. झाल्यावर पुतण्यानं ती उचलून पाहिली आणि कबूल केलं की पडद्याला हे जमणार नाही. मेज आपलंच, असं मी त्या दिवशी मनात धरून चाललो.

चष्मेवाला न्यायला आला तेव्हा पुतण्या मागच्या खोलीत करवतीवर होता. मी पेटी उघडली. त्यानं रुमालानं हात पुसले, परत पुसले, आणि गिटार उचलून खुर्चीत बसला. मांडीवर घेतली. मान डावीकडे. मग थांबला. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच, चोरी केल्यासारखी, गिटार फिरवून मान उजवीकडे केली.

मला वाटलं, बघा, याला धरायचीसुद्धा कुठून ते ठाऊक नाही. तेवढ्यात त्याचा डावा हात तारांवर आला आणि उजव्या हाताची बोटं मानेवर पसरली. उलट्या तारांवर चाचपडत त्यानं एक साधी चाल काढली. वाईट वाजवत होता. दोनदा चुकला, एकदा तार नुसतीच खडखडली. पण तो डाव्या हातानं वाईट वाजवत होता, आणि तो हात आज पहिल्यांदा तारांवर पडलेला नव्हता. इतकं कुणालाही कळलं असतं.

गिटार उलटी झाल्यामुळे बटणं वर येऊन त्याच्या मनगटाला अडत होती. आणि मी चार दिवस मांडीवर घेऊन घासलेली, जिच्याबद्दल पुतण्यानं मान डोलवली होती, ती कोपराची झीज खाली त्याच्या मांडीशी आली होती. तीस वर्षं कुणी मांडीनं गिटार वाजवल्यासारखी.

"तुम्ही डावरे आहात?" मी विचारलं.

"वाजवताना. लिहितो उजव्यानं. शाळेत मास्तर डाव्या हातावर पट्टी मारायचे."

"मग त्रेचाळीस कलमांत हे एक लिहायला काय झालं होतं?"

तो म्हणाला, यादी दुसऱ्यांच्या याद्यांवरून केलेली, त्यातले सगळेच उजवे, त्यामुळे तो रकानाच नव्हता. त्या दिवशी तेच विचारणार होतो, पण तुम्ही घाईत दिसलात. घाईत म्हणाला. मी घाईत नव्हतो. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मागे करवत थांबली. चष्मेवाल्यानं गिटार पटकन परत पेटीत ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "असू दे काका. तक्रार नाही माझी. उलटी धरून वाजवीन, मला सवय आहे. छान झालीय."

म्हणजे माझं मेज वाचत होतं. दोन पावलं आणि तो दाराबाहेर गेला असता. मी त्याच्याकडे बघितलं. पावतीवर सही करायला पेन काढून बसला होता, उजव्या हातात. कुणी पट्टी मारली की हात बदलायचा, कुणी उलटी गिटार दिली की उलटी वाजवायची, वर छान झालीय म्हणायचं. असल्या गोगलगायीची मला आतून चीड येते. त्याची दया वगैरे मला अजिबात आली नाही. पण माझ्या हातची झीज याच्या मांडीखाली जन्मभर राहणार, आणि जाणता माणूस बघून म्हणणार की हे कुठल्या गाढवानं केलं, हे मला गिळवेना. गाढव कोण ते मला माहीत होतं. भावानं सांगितलेला पाव तास मी वाचवला होता.

मी पेटीचं झाकण लावलं, त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पुतण्याला हाक मारली.

पुतण्या हात झटकत आला. मी सांगितलं, गिऱ्हाईक डावरं आहे आणि मी त्याला न बसवता, न विचारता उजव्यापुढे खूण केली. चष्मेवाला मध्ये मध्ये नाही नाही, माझंच चुकलं, असं पुटपुटत होता. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. जन्मात एकदा तरी तक्रार करा, म्हटलं.

त्यानं पुतण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. घसा खाकरला.

"मला डाव्या हाताची हवी आहे," तो म्हणाला.

पुतण्या मला टोमणा मारेल असं वाटलं होतं. त्यानं मारला नाही. हे जास्त लागलं. दुसरी बनवून देऊ, एवढंच तो म्हणाला, आणि आठवड्याभरात मेज हलवून तिथं पडदा लावला. ती पहिली गिटार खिडकीशी टांगली. एका उजव्यानं येऊन ती नेली. तीस वर्षं वाजवणारा होता, स्वतःची झीज स्वतः करू शकला असता, तरी माझी घेऊन गेला. लोकांचं काही सांगता येत नाही.

मी मागे बसतो आणि घासतो. निवडीत तोंड घालत नाही. शब्द दिलाय. पुढे पडद्यापाशी लोक बोटं ठेवत बसतात, आणि काय ठेवतात ते गिटार घासायला येते तेव्हा मला दिसतं. गेल्या महिन्यात एकानं जांभळी मागवली, बटणं सोन्याच्या रंगाची. मी काही बोललो नाही. नुसती पुतण्याला दाखवली आणि घासायला घेतली.

चष्मेवालाही दुसऱ्या गिटारसाठी पडद्यापाशीच बसला. पडदा अकरा मिनिटांत काम उरकतो अशी पुतण्याची जाहिरात आहे. याला पावणेतीन तास लागले. तेवढ्यात एकदा तो मधल्या दारातून डोकावला आणि हळू आवाजात विचारू लागला, मानेला चकचकीत पॉलिश घ्यावं की मॅट, पडदा दोन्ही दाखवतो पण सांगत काहीच नाही.

मला विचारायचं नाही, मी म्हटलं. मालकाची सक्त ताकीद आहे.

तो दारातच उभा राहिला, रुमालानं हात पुसत.

"मॅट घ्या," मी म्हटलं. "मानेवर तुमचा उजवा हात येणार, आणि त्याला घाम सुटतो. चकचकीत मानेला चिकटून बसेल."

त्यानं स्वतःच्या तळहाताकडे असं बघितलं, जणू तो आताच कुणी आणून दिलाय. आभार मानले, पुढे गेला, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, त्यानं बायकोला फोन लावून विचारलं, मॅट बरं दिसेल ना?