जिभेवर उतरलेलं विष

तेलीबागेत जडीवाल्या महाराजाच्या दारात शंभर माणूस जमलं होतं, आणि प्रत्येकानं चमत्कार डोळ्यांनी पाहिलेला. "नाग का डसा यहाँ से चलके जाता है, माताजी," एक बाई मला सांगत होती. माझ्या सुनेला, उल्काला, आम्ही उचलून आणलं होतं. वृंदावन योजनेतल्या घरामागं वाळलेले कपडे काढताना तिला साप चावला, आणि माझ्या लेकानं, निनादनं, गाडी दवाखान्याऐवजी इकडं वळवली. बँकेत मॅनेजर आहे तो, बदलीनं इकडं उत्तरेत आलेला. सगळ्या ऑफिसनं फोनवर याच महाराजाचं नाव घेतलं म्हणे.

महाराजानं तिला हिरवा पाला चावायला लावला. मग तोंडात रेवडी घातली.

"बेटी, मीठी लगी?"

"नहीं... रेत जैसी."

गर्दीचे हात जोडले गेले.

"देखा? ज़हर जीभ पे उतर आया. अब मेरी बूटी का अर्क उसे खींचेगा. घंटे भर में मिठास लौटी, समझो ज़हर गया."

उल्काच्या पापण्या खाली पडत होत्या. उघड म्हटलं तरी उघडत नव्हत्या.

"निनाद, उचल हिला."

"आई, प्लीज. तासाभराचा प्रश्न आहे. तुला यातलं काय कळतं?"

मला पाला कळत होता. आमच्या साताऱ्याकडं कुंपणावर चढतो, बेडकीचा पाला म्हणतात. माझे मालक शुगरसाठी तो चघळायचे आणि चहात साखरच नाही म्हणून माझ्यावर डाफरायचे.

महाराजाच्या टोपलीतली चार पानं उचलली. दोन चघळून वर रेवडी खाल्ली. वाळू नुसती.

"महाराज, मुझे भी मीठी नहीं लगी. मुझे कौन साँप काटा? मेरे पास तो तुम ही बैठे हो."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं.

"माताजी, श्रद्धा न हो तो..."

"श्रद्धा का क्या काम? जीभ तो है."

उरलेली पानं निनादच्या तोंडात कोंबली. "चाव." त्यानं चावली, रेवडी खाल्ली, आणि त्यालाही वाळूच लागली. मग मात्र बायकोला उचलून पळत सुटला.

दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली तोवर तिचा श्वास अडकला होता. दोन दिवस मशीननं श्वास दिला. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, तेव्हा तिथल्या मराठी डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं: त्या पाल्यानं जिभेला गोड कळेनासं होतं, थोड्या वेळानं आपोआप कळायला लागतं. विषाचा संबंधच नाही.

"मग तिथं लोक वाचतात ते?"

"बिनविषारी साप चावलेले. किंवा विषारी साप चावूनही ज्यांच्या अंगात विष गेलंच नाही, ते. ते घरी बसले असते तरी वाचले असते."

"आणि झाडपाल्यात काहीच नसतं?"

"असेलही, आजी. प्रयोगशाळेत अर्क तपासतायत. ज्या दिवशी सिद्ध होईल, त्या दिवशी मीच देईन. आज सापाच्या विषावर औषध हेच इंजेक्शन."

माझी सून वाचली म्हणून मी गप्प बसणार नाही. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग हलवू न देता थेट दवाखाना गाठा. निनाद अजून म्हणतो, "आई, सगळेच जातात तिकडं." त्या सगळ्यांना बरे झालेल्यांची नावं तोंडपाठ आहेत. बाबांनो, तिथं मेलेल्यांची नावं आधी विचारा. मग हात जोडायचे की नाही ते ठरवा.