मला देणं, तुला देणं, त्याला देणं

माझी धाकटी बहीण डेल्मा राजधानीत, मोर्स्बीच्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवते. "डोंगरवाल्या ओरोईंची भाषा आणि आपली यामुक एकाच आईच्या लेकी आहेत," असं ती घरात पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा बाबांनी तोंडातली सुपारीच थुंकली.

"ते बोलतात कुठे? भुंकतात."

"त्यांनाही तुमच्याबद्दल तेच वाटतं, बाबा."

वाइमा नदीकाठच्या सागूच्या माडांच्या दलदलीवरून आमचं आणि ओरोईंचं आजोबांच्या काळापासून वाकडं. बाजारात भेट झालीच तर पिसिन या बाजारभाषेत बोलायचं, मासे द्यायचे, रताळी घ्यायची आणि मागे न बघता चालायला लागायचं. विद्वानांनीही ओरोई भाषेला कुठल्याच कुळात जागा दिली नव्हती. एकटीच आहे म्हणून सोडून दिली होती.

डेल्माचे सर, ऑगस्टिन तेइको, भला माणूस. पण भाषेच्या बाबतीत कुणाची गय करत नसत. "शेजारी शब्द उसने घेतातच," ते तिला म्हणाले. "कुऱ्हाड आणि होडी सारखी निघाली म्हणून नातं ठरत नाही. कुणी उसनं घेणारच नाही असं काहीतरी आण."

सुट्टीत ती घरी आली आणि माझ्या होडीत बसून थेट ओरोईंच्या गावाला निघाली. नदीवर मोटारीची होडी मीच चालवतो, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

तिथली कर्ती बाई म्हणजे नाम्बेआजी. तिने आम्हाला पायरीवरच थांबवलं. "चिखलातली माणसं. पाय धुवा आधी."

डेल्माने पाय धुतले, पडवीत बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून आजीबरोबर सागू कुटायला लागली. ऐकत राहिली. आमचा 'क' त्यांच्याकडे 'ह' होतो आणि 'स'चा 'त' होतो, एवढं तिला लवकरच कळलं. डासाला आम्ही कोमी म्हणतो, ते होमी. चंद्राला आम्ही सेन, ते तेन. पण असे शब्द सरांपुढे टिकणार नव्हते.

मग एकदा जेवताना आजी सुनेला म्हणाली, "हातु." सुनेने चिमटा दिला. आजीने सागूचं धिरडं उलटलं, नातवाकडे बोट करून म्हणाली, "तिम्बा." सुनेने त्याला मासा वाढला.

डेल्माचा घास हातातच राहिला. "दादा, ऐकलंस?"

आमच्या भाषेत देण्याला एक शब्द नाही. मला द्यायचं तर कासु, तुला द्यायचं तर नेको, तिसऱ्याला द्यायचं तर सिम्बा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आमची मुलंसुद्धा बरीच मोठी होईपर्यंत चुकतात.

"आजी," डेल्माने विचारलं, "मी तुला काही देणार असेन तर काय म्हणायचं?"

"नेहो. पण तू देणार काय, खातेयस तर माझंच."

डेल्मा इतकी हसली की आजीलाही हसू आलं. "दादा, शब्द उसना मिळतो," ती मला म्हणाली. "पण असला तिरपागडेपणा कुणी उसना घेईल का? हा घरातूनच येतो."

डोंगराच्या धारेवर फोनला रेंज येते. तिथून तिने सरांना सांगितलं. सरांनी तिन्ही शब्द तिच्याकडून दोनदा वदवून घेतले. मग म्हणाले, "नदीच्या मुखाशी सिंबेप भाषा आहे ना? तिचे थोडे शब्द घे, नियम काढ, आणि देण्याचा शब्द स्वतः बांध. कुणाला विचारू नकोस. बांधून झाला की मगच बोलून बघ."

सिंबेप बोलणाऱ्या आता दोघीच बहिणी उरल्यात, मारेमी आणि वोसा. दोघींचं दिवसभर भांडण चालतं, म्हणून भाषा टिकलीय असं लोक म्हणतात. मी होडी तिकडे नेली, आणि डेल्माने त्यांच्याकडून डास, चंद्र, केस, धूर असे शब्द घेतले. डास ओमी, चंद्र रेन. म्हणजे 'क' गळलेला आणि 'स'चा 'र' झालेला. ती पुटपुटत बसली. कासु. आसु. आरु.

मारेमी सुपारी चघळत होती, चुना ठेवायचा सुका भोपळा मांडीवर. डेल्माने हात पुढे केला.

"आरु."

मारेमीने मान वर न करता भोपळा तिच्या हातात ठेवला. मग दचकून बहिणीकडे वळली. "हिला तू शिकवलंस?"

"मी कशाला शिकवू? तूच बडबडली असशील."

"कुणी नाही शिकवलं, मावशी," डेल्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग तिने माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "रिम्बा." वोसाने निमूट मला सुपारी दिली, आणि दोघी बहिणी पोट धरून हसायला लागल्या.

पुढच्या वर्षी मोर्स्बीला भाषातज्ज्ञांच्या सभेत डेल्माने हे सगळं मांडलं. तेइको सरांनीच उठून सांगितलं, "मी हिला अडवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. मला जमलं नाही. हे एक कुळ आहे." सभागृहातल्या टाळ्या थांबेचनात.

गावात बाबांनी ओरोईंना आणि सिंबेप बहिणींना जेवायला बोलावून डुक्कर कापलं. नाम्बेआजी आपल्या माणसांना घेऊन ढोल वाजवत खाली आली. आमच्या पायरीशी ती थांबली तेव्हा बाबा पाण्याचं भांडं घेऊन पुढे झाले.

"पाय धू, ताई."

"ताई?" आजी म्हणाली. "वयाने मी तुझी मावशी लागते."

कुळाच्या नावात यामुक आधी की ओरोई, यावरून त्या दोघांची जेवण होईपर्यंत जुंपली होती. शेवटी डेल्माने नदीचंच नाव दिलं, वाइमा कुळ. तोवर मारेमीने आणि वोसाने नाच सुरू केला होता, आमचेही ढोल त्यात मिसळले होते, आणि कुठला ढोल ओरोईंचा नि कुठला आमचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.